सत्तावीस नंबरचा फॉर्म

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नोकरी टिकली आहे, आधी हे ऐक. कॉलेज सोडल्याचं भांडण पुढच्या पत्रात कर.

इस्पितळाच्या तळमजल्यावर माझं टेबल आहे. बायकांना एंडोमेट्रिओसिस नावाचा आजार होतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी भलतीकडेच वाढतं आणि महिन्याच्या महिन्याला जीव काढतं. त्यांचं जगणं किती बिघडलंय, ते आमच्या डॉक्टरीणबाई तीस प्रश्नांनी मोजतात. दुखण्यामुळे बसता आलं नाही, असं चार आठवड्यांत किती वेळा झालं? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, सतत. बायका खुणा करून फॉर्म पेटीत टाकतात, मी ते संगणकात भरतो. शून्य म्हणजे ठणठणीत, शंभर म्हणजे सगळ्यात वाईट. पहिल्या दिवशी एकीचे ब्याण्णव बघून मी मनातल्या मनात शाबासकी दिली होती!

फॉर्मवर नाव नसतं, नुसता नंबर. सत्तावीस नंबर कुणालाच दिलेला नाही. त्या नंबरचा गठ्ठा भिजला म्हणून फेकला होता. तरी दर चार आठवड्यांनी सत्तावीसचा फॉर्म पेटीत असतो. किल्ली नर्सबाईंच्या कमरेला, आणि त्या शपथेवर नाही म्हणतात. आज तिसऱ्यांदा आला. बेरीज सत्त्याऐंशी. यंदा ठरलेली भेट कधी मोडावी लागली, या प्रश्नापुढे तीन तारखा आहेत. अकरा जानेवारी, आठ फेब्रुवारी, आठ मार्च.

ताई, याच तीन दिवशी माझी ती उंच मैत्रीण, जिला आपण शिडी म्हणतो, मला भेटणार होती आणि आली नाही. त्या आठ मार्चपायीच मी कॉलेजला लाथ मारली. या तारखा आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाहीत. ती माझी थट्टा करतेय का? तू तिच्याच गल्लीत राहतेस. जा आणि जाब विचार.

तुझा तापलेला भाऊ

ता. ११ जून

चि. फटाक्यास,
अनेक आशीर्वाद.

जाब विचारायला म्हणून गेले. तुझी शिडी गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडली होती. तुझं इस्पितळ, फॉर्म, यातलं तिला काही माहीत नाही. डॉक्टरकडे तिला कधी नेलेलंच नाही. तिची आई म्हणते, बाईच्या जातीला हे असायचंच, फार लाड नकोत.

त्या तारखा मी नुसत्या उच्चारल्या, तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच दाराकडे सरकले. तिन्ही दिवशी ती चपला घालून जिन्यात बसून होती म्हणे. पुढची पायरी उतरता येईना. मग त्याला सांगितलं का नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, तो आईशी भांडायला आला असता. खोटं आहे का, सांग बरं?

तेव्हा भांडू नकोस. डॉक्टरीणबाईंची वेळ घे. तिच्या आईला मी बघते.

तुझी ताई

ता. २ जुलै

ती. ताईस,

हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देतोय, टपालावर भरवसा नाही.

नऊ तारखेची वेळ मिळाली आहे. पण आज पेटीत पुन्हा सत्तावीस होता. तीसच्या तीस प्रश्नांना ‘कधीच नाही’. बेरीज शून्य. मी नाचत नर्सबाईंकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि टेबलावर पालथा घातला. म्हणाल्या, औषधाशिवाय सत्त्याऐंशीवरून शून्यावर कुणी येत नाही. एक तर ती बाई राहिली नाही, नाहीतर तिनं सांगणं सोडलं.

ताई, असशील तशी धाव.

ता. ३ जुलै

चि. फटाक्यास,

जिवंत आहे. आधी श्वास घे.

अनवाणीच गेले. शिडी नीट केस विंचरून खुर्चीत बसली होती आणि हसत होती. म्हणाली, ताई, आता काहीच दुखत नाही, नऊ तारखेला उगाच कशाला? आई म्हणाली, बघा, झाली की नाही आपोआप बरी! मला त्या हसण्याची भीती वाटली. पाणी द्यायच्या निमित्तानं मी तिच्या मुठी उघडल्या. दोन्ही तळहातांत नखं रुतून रक्त सुकलं होतं. तेच हात मी तिच्या आईपुढे धरले. ते बघून ती बाई पिशवी भरायला लागली.

नऊ तारखेची वाट बघत नाही, उद्याच निघतोय. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेव. आणि तू फाटकात उभा राहू नकोस, आरडाओरडा करशील.

ताई

ता. २० जुलै

रा. रा. फटाके यांस,
वि. वि.

शिडी हे नाव मला पहिल्यापासून माहीत आहे.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात. आजाराला नाव आहे हे कळलं त्या दिवशी मी दुपारभर झोपले.

काल डॉक्टरीणबाईंनी फॉर्म दिला. मी तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते, तरी हात माझ्या आधी पुढे जात होता, कुणीतरी काढून ठेवलेलं गिरवावं तसा. एका प्रश्नाशी मात्र थांबला. आपलं दुखणं आपल्या माणसांना कळत नाही, असं किती वेळा वाटलं? आई शेजारीच बसली होती. नर्सबाई म्हणाल्या, नको असेल तर सोडून द्या.

सोडला आहे. तू भरायला घेशील तेव्हा ती जागा रिकामी दिसेल. तापून तिथे स्वतःच काही खूण करू नकोस, आणि विचारायलाही येऊ नकोस. मी सांगेन.

लोभ आहे. तो वाढवण्याची घाई नसावी.

शिडी