पुढच्या बाकावर नुसतं बसणं

नाही, मला कुणीही पाठवलं नव्हतं. तू विचारलेलं नाहीस, पण विचारशील, तुझा स्वभाव मला पाळण्यापासून ठाऊक आहे. तेव्हा धाकट्या, तुला आशीर्वाद, तुझ्या बायकोलाही, तिच्या गुडघ्यांना आराम पडो (तेल चोळायला सांग, डॉक्टर बदलून गुडघे बदलत नाहीत), आणि आता मुकाट्यानं ऐक.

तुझा भाचा इथे परमुलखात आपल्या वकिलातीत मोठ्या हुद्द्यावर आहे, हे तू गावभर सांगत फिरतोस. तो दिवसभर करतो काय, ते मी सांगते. आमच्या गल्लीतली शिंपीण महिन्यापूर्वी पोलिसांनी उचलली. गुन्हा काय? मतमोजणी झाली की प्रत्येक केंद्राच्या दारावर आकड्यांचा कागद चिकटवतात. ते कागद तिनं आणि तिच्या सात मैत्रिणींनी उतरवून घेतले, बेरीज केली, तर रेडिओवर सांगितलेली बेरीज वेगळीच. तसं तिनं दुकानाच्या दारावर लिहून लावलं. झालं, अफवा पसरवल्याचा खटला, सिद्ध झाला तर पाच वर्षं आत. यावर तुझ्या भाच्याचं ऑफिस तीन आठवडे एकच कागद लिहीत होतं. 'काळजी वाटते' म्हणावं की 'तीव्र काळजी वाटते'? तीव्र म्हटलं तर इथल्या सरकारला झोंबतं, नुसतीच म्हटली तर शेजारच्या वकिलातीपुढे आपण फिके पडतो. मी म्हटलं, अरे, दूध उतू चाललं तर तू गॅस बंद करतोस की काळजी व्यक्त करतोस? तर म्हणे, "आई, गॅस आपला नाही ना." (हे मात्र बरोबर बोलला. मी तसं म्हटलं नाही, आधीच डोक्यावर बसलाय.)

मग तुम्ही करता तरी काय, असं खोदून विचारल्यावर म्हणाला, खटल्याच्या दिवशी आमच्यातलं कुणीतरी कोर्टात पुढच्या बाकावर जाऊन बसतं. बोलायचं नाही, मान हलवायची नाही, नुसतं बसायचं. बाहेरचं कुणी बघतंय म्हटलं की न्यायाधीश जरा जपून वागतो. त्या खात्याचं एक तरी काम मला जन्मात पहिल्यांदा समजलं. आणि नेमकं शिंपिणीच्या खटल्याच्या दिवशी कुणी जाणार नव्हतं! आमच्याकडे मंत्री यायचे होते, दुसऱ्या वकिलातीला वाटलं तिसरी जाईल, तिसरीला वाटलं आम्ही.

मी गेले ती माझ्या कोटासाठी. पोलिसांनी दुकानातलं सगळं जप्त केलं, त्यात शिवायला दिलेला, एकच बाही लावून झालेला माझा कोट गेला (इथली थंडी वय बघत नाही). दारावरच्या शिपायानं विचारलं, कुठून आलात? मी राहते वकिलातीच्या आवारात, तेच सांगितलं. त्यानं वहीत लिहिलं आणि मला थेट पुढच्या बाकावर नेऊन बसवलं. रिकाम्या हातानं बसायची मला सवय नाही, विणकाम काढलं. चार ओळी झाल्या की मी वहीत एक रेघ मारते, तुला माहीत आहे. सरकारी वकील तावातावानं बोलायला लागला, मी रेघ मारली. तो थबकला. पुन्हा बोलला, पुन्हा रेघ. (त्यांची भाषा मला बाजारापुरतीच येते, पण घाबरलेला माणूस कुठल्याही भाषेत कळतो.) शेवटी त्याचा आवाज इतका बारीक झाला की न्यायाधीशांनी त्याला झापलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुरावा मागवला. पुरावा म्हणजे आठ बायकांची बेरीज. न्यायाधीशांनी पेन्सिल घेऊन स्वतः केली. बरोबर आली. शिंपिणीला जामीन मिळाला, खटला मात्र आहेच.

घरी रणकंदन. तुझा भाचा म्हणाला, उद्या इथलं सरकार म्हणेल की बेरीज परक्यांनी शिकवली, मग भोगायचं तिनंच. हे मला लागलं. म्हणून मी शिंपिणीलाच विचारलं. महिन्यात अर्धी झालीय बाई. म्हणाली, "मावशी, बेरीज आम्हाला येते. भाषण केलंत तर मी बुडाले. पण बसा. तुम्ही बसलात तेव्हा मला त्या खोलीत श्वास घेता आला." इकडे वकिलातीच्या मोठ्या साहेबांनी वर कळवून टाकलं, अनुभवी अधिकाऱ्यामार्फत योग्य ती उपस्थिती ठेवण्यात आली. (अधिकारी चौथी पास आहे.)

असो. मी या भानगडीत पुन्हा पडणार नाही. म्हातारपणी कोर्टाची पायरी कशाला? तब्येत ठीक आहे.

तुझी ताई

ता. क. तुझे साडू तुझ्या भाच्याच्याच खात्यात बदल्यांच्या टेबलावर आहेत ना? इथल्या सरकारनं कुरकुर केल्यावर तुझ्या भाच्याच्या बदलीचा कागद तिकडे निघालाय. तो त्यांनी सगळ्यात खालच्या खणात ठेवावा. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच.

आणखी ता. क. किती दिवस ठेवायचा, ते विचारतील. निकाल लागेपर्यंत. पुढची तारीख वीसला आहे, दहा वाजता, मी साडेनऊलाच जाऊन बसणार. तुझ्या भाच्याला यातलं काही माहीत नाही, आणि तू सांगायचं नाहीस. साडूंनी कारण विचारलं तर त्यांना म्हणावं, ती सांगत नाही. तुलाही सांगणार नाही. बस्स.