रखवालदाराचं पान

सोम. ३ नोव्हेंबर २०२५
सकाळी फिरून आलो. बँकेत हयातीचा दाखला दिला. दुपारी सुमनचं कपाट उघडलं. तिला जाऊन २३ ला वर्ष होईल. पुण्यानुमोदनाला दुसरं काही करायचं नाही, तिची पुस्तकं वाचनालयाला द्यायची, असं मुलीचं आणि माझं ठरलं आहे. हायस्कूलला इतिहास शिकवायची, त्यामुळे बहुतेक तीच पुस्तकं. ग्रंथपाल माने फोनवर म्हणाले, "द्या की साहेब. पण पेन्सिलच्या खुणा तेवढ्या खोडून द्या. न्हाईतर पोरं पुस्तक वाचत न्हाईत, बाईंच्या खुणाच पाठ करत्यात."
दोन खोडरबर आणले.

मंगळ. ४
आठ पुस्तकं झाली. पद्धत बसली. खाली वर्तमानपत्र, डाव्या हाताने पान ताणून धरायचं, रबर एकाच दिशेने न्यायचा. उलटसुलट केलं की कागद चुरगळतो. सुमनने फार लिहून ठेवलं आहे. समासात बारीक अक्षर. चष्मा लावूनही लवकर लागत नाही, म्हणून वाचत बसलो नाही. कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं काढली, हातात घेतलेलं काम संपवायची सवय.
संध्याकाळी बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी दिवस कामात गेला.

गुरु. ६
आज काय केलं ते कळलं.
नाझी राजवटीविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांवरचं पुस्तक घेतलं होतं. सुमन ही हकिकत दरवर्षी दहावीला सांगायची, एवढं मला माहीत. पुस्तक मी कधी उघडलं नव्हतं. निम्म्याच्या पुढे खोडत आलो. तिथे ते भाऊ-बहीण विद्यापीठात पत्रकं ठेवतात, उरलेली वरच्या मजल्यावरून खाली सोडतात. रखवालदार बघतो, धरतो, नेऊन देतो. चार दिवसांत दोघांना मृत्युदंड.
रबर टेकवला तेव्हा समासात दिसलं. "ह्यांना विचारायचं." खाली एक रेघ.
ह्यांना म्हणजे मला. लिहिताना ती माझं नाव कधी घेत नसे. किराण्याच्या यादीतसुद्धा "ह्यांच्या गोळ्या".
मला काय विचारायचं? त्या मुलांबद्दल मला काय ठाऊक? ओळ मुलांच्या शेजारी नाही. रखवालदाराच्या परिच्छेदाशेजारी आहे.
आधीच्या शंभरेक पानांवर काय होतं ते मी खोडलं. आधीच्या अकरा पुस्तकांतलंही. चुरा सकाळीच घंटागाडीत गेला.

शुक्र. ७
पानं खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली. पेन्सिलचा दाब दिसतो, अक्षर लागत नाही.
एक गोष्ट लिहून ठेवतो, नाहीतर डोक्यात नुसती फिरत राहते.
२००७. मी हेडक्लार्क. मुलींच्या वसतिगृहात दहा दिवस पाणी नव्हतं. तीन मुलींनी सकाळी सातला नोटीस बोर्डवर हाताने लिहिलेला कागद चिकटवला. मी लवकर जात असे, पाहिलं. ऑफिसच्या शिक्क्याशिवाय बोर्डवर कागद लावायचा नाही, असा नियम होता. तो मीच टाइप केला होता. तिघींची नावं लिहून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी मागितली नव्हती. तिघींना वर्षभरासाठी काढलं. त्यातली एक नेसरीची वैशाली. ती दर रविवारी आमच्या घरी सुमनकडून पुस्तकं न्यायला यायची. तिला वडील गावी घेऊन गेले आणि उन्हाळ्यात तिथेच लग्न लावून दिलं.
नावं दिली त्या दिवशी जेवताना मी सुमनला म्हटलं, "तुझी वैशाली पण होती त्यात." तिने ताटात भाकरी वाढली.
पुढे सतरा वर्षं विषय नाही. मला वाटलं, विसरली. किंवा तिला पटलं.

रवि. ९
मुलीचा, चिमीचा, पुण्याहून फोन. तिला सांगितलं.
"पप्पा, आई सगळीकडेच तसं लिहायची. पाककृतीच्या वहीत पण आहे, ह्यांना विचारायचं, गोड किती."
मला जरा सुटल्यासारखं झालं. मग तीच म्हणाली, "पण आई वैशालीताईकडे जायची, ते तुम्हाला माहीत आहे ना?"
माहीत नव्हतं.
गडहिंग्लजला शिक्षकांचं ट्रेनिंग आहे असं सांगून जायची. मीच स्कूटरवरून स्टँडला सोडायचो. एकदा खिडकीची जागा मिळावी म्हणून आत चढून रुमाल टाकला होता.
चिमीला विचारलं, "मला का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत का?"

बुध. १२
खोडायचं काम बंद. जेवढी राहिली ती तशीच द्यायची. माने रागावले तर रागावू देत.
पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं. सावकाश जातं.

शनि. १५
वाचनालयाच्या हॉलमध्ये त्याच विद्यार्थ्यांवरचा सिनेमा होता. माने म्हणाले, "बाईंनीच मागं सिनेमांच्या यादीत लिहून दिल्ता. या साहेब, पुढं बसा, आज तुम्ही मानाचं पावणं." मी मागे बसलो. बोलणं जर्मन, खाली इंग्रजी अक्षरं, निम्मी सुटली.
रखवालदार पाच मिनिटं असेल. साधा माणूस. ओरडला, धावत वर गेला, त्यांना अडवलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "ह्याच्या बापाचं काय जातंय गं!" हॉल हसला. मीही हसलो. मग कान तापले.
पुढे चौकशी, कोर्ट. बरेच जण डोळे पुसत होते. मी तो माणूस पुन्हा दिसतो का ते बघत होतो. दिसला नाही. पुस्तकात त्याचं पुढचं आहे. बक्षीस मिळालं. युद्धानंतर शिक्षाही झाली. तेव्हा त्याचं म्हणणं होतं की इमारतीत पत्रकं टाकायला मनाई होती, आपण आपलं काम केलं.
मी कुणाला मरायला पाठवलं नाही. ते आणि पाण्याचा कागद एक कसं होईल? सुमन इतिहास शिकवायची, हा फरक तिला कळत नव्हता असं नाही. मग त्याच पानावर का?
की चिमी म्हणते तसं, गोड किती, एवढंच.

मंगळ. १८
पुस्तक वाचून झालं. मुलांबद्दल विचारलं तर आता सांगता येईल. रखवालदाराबद्दल नाही.
चिमीकडून वैशालीच्या दुकानाचा पत्ता घेतला. दुपारी वाटलं, जाऊन काय बोलणार? नको. जेवून पडलो. मग वाटलं, जावं.

गुरु. २०
सकाळच्या एसटीने गडहिंग्लज, तिथून नेसरी. वैशालीचं शिवणाचं दुकान बाजारपेठेत आहे. पुस्तक पिशवीत होतं.
लगेच ओळखलं. "या सर. बाई गेल्याचं कळलं तवा येणार हुतो, पर सासूबाई दवाखान्यात हुत्या."
मी उभ्यानेच सांगितलं, "तुझं नाव मी दिलं होतं."
"म्हायत हाय की. शिपाईमामानं त्याच दिशी सांगिटलं. बसा आदी. च्या घेता न्हवं?"
तिची मुलगी अकरावीला आहे. तिने चहा आणला आणि तिथेच काजं-बटणं करत बसली. मी पुस्तक काढून ओळ दाखवली. वैशालीने बोट ठेवून वाचली आणि पुन्हा मशीन चालवू लागली.
"बाई म्हणायच्या, एकदा इचारणार हाय. मीच म्हटलं, नका इचारू. काय सांगतील? नियम हुता म्हणतील. मग तुमी काय करशीला बाई? ऱ्हायचं हाय त्येंच्यासंगट."
"पण विचारणार काय होती?"
"त्ये काय बोलल्या न्हाईत." तिने मशीन थांबवलं. "बरं, मीच इचारतो आता. का दिलंसा हो सर, नाव?"
मी म्हटलं, "नियम होता."
तोंडातून गेलं. ठरवून नाही. दोन दिवस दुसरं काहीतरी जुळवत होतो, ते आलंच नाही.
ती हसायला लागली. मोठ्याने. मुलीकडे बघून म्हणाली, "बघ गं, म्हटलं नव्हतं?" मुलगी हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली. वैशालीच्या हसण्यात राग होता का, ते मला कळलं नाही. नसावा. असेलही.
स्टँडपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "ती ओळ तेवढी खोडू नका. आन् सर, खरं काय ते सुचलं तर कळवा. फोन नको, फोनवर तुमी गप्पच बसशीला. कार्ड घाला."
परत येताना उभं राहावं लागलं. गडहिंग्लजनंतर जागा मिळाली.

शुक्र. २१
पोस्टात गेलो. पोस्टकार्डं मागितली तर खिडकीवरच्या बाईंनी वर बघितलं. "अजून कोन लिवतंय काका?" दोन घेतली.

रवि. २३
सकाळी त्रिसरण, पंचशील झालं. शेजारचे, तिच्या शाळेतल्या चार शिक्षिका, माने. बोलायला सांगितलं, मी दोन वाक्यं बोललो. माने पुस्तकं मोजून म्हणाले, "यादीत बेचाळीस हायत साहेब, एक कमी भरतंय." मी म्हटलं, ते माझ्याकडे आहे. मग म्हणाले, "आन् ह्या खुणा? ऱ्हाऊ दे ऱ्हाऊ दे, बाईंच्या हायत."
चिमी चारच्या बसने गेली. जाताना म्हणाली, "पप्पा, आईवर रागावलात का?" माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही.
कुकर लावून कार्ड घेऊन बसलो. "वैशालीस" लिहिलं. "नियम होता हे खरं, पण त्या सकाळी मी" एवढं लिहून थांबलो.
त्या सकाळी कागद वाचून मला हसू आलं होतं. चांगला लिहिला होता. हे आजच आठवलं, का आधीपासून माहीत होतं, सांगता येत नाही. दुसरं एक आठवलं. नावं लिहिताना अक्षर जरा वाकडं आलं, म्हणून मी दुसरा कोरा कागद घेऊन पुन्हा नीट लिहिली. म्हणजे वेळ होता. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय होतं? भीती नव्हती. राग नव्हता. काही होतं की नाही?
हे सुमनने विचारलं असतं, तर...
शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. गॅस बंद केला. वाफ गेल्यावर उघडून पाहिलं, डाळ कच्ची होती. थोडं पाणी घातलं आणि कुकर परत लावला.