भुशाचं पोतं कुठे ठेवायचं

मिस्त्री, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमची आठवण काढली तर चेहऱ्याआधी तुमचे पाय डोळ्यांपुढे येतात. रुंद, भेगा पडलेले, बोटं फाकवून जमिनीवर ठेवलेले. लालबागच्या त्या बर्फाच्या कारखान्यात मी लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. वडील गिरणीत, थोरला भाऊ गिरणीत, मला तिथे बदलीचंही काम मिळेना, म्हणून तुमच्या हाताखाली आलो. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत दिवसभर ओली, गार फरशी. पहिल्या दिवशी मी नव्या चामडी चपला घालून आलो आणि तुम्ही मला दारातच थांबवलंत. "चपला काढ. चाल बघू," म्हणालात. मी चाललो. "तू आधी टाच टेकवतोस. रस्त्यावर ठीक आहे. इथं अख्खं पाऊल एकदम ठेवायचं. गुडघे सैल. आणि हात मोकळे ठेव, खिशात काय ठेवलंयस?" बाकीचे हसत होते. बाविसाव्या वर्षी कुणी आपल्याला चालायला शिकवतंय याची मला लाजच वाटली, पण तुम्ही हसत नव्हता. माझ्या पायांकडे असे बघत होता, जसं एखादा घड्याळवाला उघडलेल्या घड्याळात बघतो.

आठवड्याभराने तुम्ही मला पायताणांचा एक जोड दिलात. वर गोणपाट, तळाला काथ्याची दोरी गोल गोल शिवलेली. तुमच्या बायकोने शिवला होता. आईने विचारलं, कुणी दिलं? मी म्हटलं, मिस्त्रींनी. मिस्त्री आदल्याच वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, हे तिला ठाऊक होतं. तिने जोड उचलून दाराबाहेर ठेवला. आमच्या घरात तो कधी आला नाही, आणि कारखान्यात माझ्या पायांतून कधी निघाला नाही. हेही तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

आता तो दिवस. खाऱ्या पाण्याच्या टाकीतून डबे वर यायचे, त्यांतून बर्फाची लादी फरशीवर सरकायची, आणि आमचा आकडेवाला तिला लोखंडी आकडा लावून दारापर्यंत ओढत न्यायचा. दाराबाहेर फळीवरून ती हातगाडीत. साताऱ्याकडचा तो माणूस, चाळिशीचा, कामाला वाघ. पाय घसरू नये म्हणून त्याच्या वाटेवर दिवसातून तीन वेळा लाकडाचा भुसा टाकायचा, हे माझं काम. त्या दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कला संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. चाळीतले मित्र दुपारपासूनच फाटकाशी येऊन उभे होते, झेंडे घेऊन, मला हाका मारत होते. मी भुसा दोनदा टाकला. तिसऱ्यांदा टाकला नाही. सदरा बदलत होतो तेव्हा आतून आवाज आला. लादी पडल्याचा आवाज आम्हाला रोजचा. हा तसा नव्हता. मी धावलो तर आकडेवाला आडवा पडलेला, लादी त्याच्या मांडीवर, आणि तो ओरडतसुद्धा नव्हता, नुसता छताकडे बघत होता. आम्ही त्याला हातगाडीवरच घालून परळच्या इस्पितळात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. सभेला मी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी वहीत लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. तसं लिहिलं गेलं की माणूस कामावर परत यायचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, आता तुम्ही विचारणार, भुसा टाकला होतास काय. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही बादलीत गेरू कालवलात आणि आम्हाला एकेकाला त्यात पाय बुडवून लादी ओढायला लावलंत. "मिस्त्री, कुणाचं लग्न आहे काय?" एकाने विचारलं. सगळ्यांचं झाल्यावर तुम्ही उकिडवे बसलात, मग गुडघ्यांवर, मग चक्क गाल फरशीला टेकवून तिरपं बघत राहिलात. "त्याचा पाय इथंच का गेला?" तुम्ही स्वतःशीच म्हणालात. "दाराशी तर पाणी जास्त असतं. मग तिथं का नाही?"

लाल पावलं मलाही दिसत होती. दारापासून चार हातांवर सगळी पावलं एकदम आडवी वळलेली. तिथे रिकाम्या डब्यांची चळत होती, तिला वळसा घालावा लागायचा. आणि नेमका तिथेच फरशीखालून गार पाइप गेलेला. पाण्याचा पातळ पापुद्रा गोठायचा, नजरेला दिसायचाही नाही. तुम्ही त्यावरून बोट फिरवत होता, आणि ते बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्री, तिसऱ्या वेळचा भुसा मी टाकला नव्हता."

तुम्ही वर बघितलंत. मी शिवी खायच्या तयारीत होतो. तुमच्या तोंडावर राग नव्हता. "का नाही टाकलास?"

"सभेला जायचं होतं."

"त्याआधी कधी चुकवलायस?"

"दोन-तीनदा."

"तेव्हा कुठं सभा होती?"

खरंच का चुकवला होता, याचा मी पहिल्यांदाच विचार केला. "पोतं लांब आहे," मी शेवटी म्हटलं. "अंगण ओलांडून शेडमध्ये जावं लागतं."

तुम्ही उठलात, अंगण ओलांडून शेडपर्यंत गेलात, ओंजळभर भुसा घेऊन परत आलात. वाटेत निम्मा सांडला होता. "लांब आहे," म्हणालात. एवढंच. मग जरा वेळाने, "साहेबांना सांगशील हे?"

सांगितलं. तुम्ही शेजारी उभे होता म्हणून सांगितलं. साहेब भडकले, आजच याला काढतो म्हणाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "काढा साहेब. उद्या दुसरा येईल. त्यालाही अंगण ओलांडावंच लागेल." साहेब तुमच्याबरोबर आत आले. त्यांनाही तुम्ही गेरूची पावलं दाखवलीत. मला आठ दिवस घरी बसवलं. पण आकडेवाल्याच्या नावापुढचा तो शब्द खोडला गेला. मी परत आलो तर डब्यांची चळत भिंतीकडे गेलेली, वळणावर काथ्याची जाड चटई ठोकलेली, फरशीला छिन्नीने चरे पाडून पाणी मोरीकडे काढलेलं, आणि भुशाचं पोतं, तोंड उघडं, अगदी त्या जागेच्या हाताशी. त्यानंतर मी भुसा कधी चुकवला नाही, आणि त्यात माझा फारसा चांगुलपणा नव्हता.

पुढे मी दोन शीतगृहांत काम केलं, एका ठिकाणी लोकांना कामही शिकवलं. कुणी घसरला की अजून माझ्या तोंडी आधी "कोण" येतं. मग तुम्ही आठवता, आणि मी "कुठे" विचारतो. पण तुम्हाला हे कुणी शिकवलं? तुमचा डावा कोपर पुरता सरळ होत नव्हता. तो कुठल्या फरशीवर मोडला होता? इतकी वर्षं शेजारी काम करून मी हे का विचारलं नाही, याचंच आता नवल वाटतं.

हे पत्र कपाटात राहील. तरी एक गोष्ट लिहितो. आकडेवाला घरी पडून होता तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "त्याच्याकडे जाऊन आलास काय?" मी म्हटलं, आलो, बरा आहे. मी गेलो होतो, पण दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापर्यंतच. गॅलरीत त्याची बायको त्याला दोन्ही बगलांत धरून उभं करत होती आणि म्हणत होती, "मला धरा, मी आहे ना." माझ्याकडे त्यांची पाठ होती. मी तसाच खाली उतरलो. पुढे तो लंगडत कामावर आला, पंपाच्या काट्यावर लक्ष ठेवायला तुम्ही त्याला बसवलंत, आणि अकरा वर्षं आम्ही एकाच बाकावर डबा खाल्ला. भुशाचं साहेबांना सांगितलं, तुम्हाला सांगितलं. त्याला मी कधीच सांगितलं नाही.