शिराझहून आलेला फोन

सिंगापूर, १४ मार्च २०२४

प्रिय दादा,

तुला आणि शुभदावहिनींना नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इकडे उकाडा नेहमीचाच. शैलेंद्र ठीक आहेत. परवा तू आमच्या नीलच्या लग्नाचं विचारलंस आणि मी विषय बदलला, म्हणून लिहिते आहे. तुझा आवाज चढला की मला पुढचं सुचत नाही.

नीलच्या रोयाबद्दल तुला अर्धंच सांगितलं होतं. वन-नॉर्थला त्याच्याच ऑफिसात आहे, इराणी आहे, एवढंच. ती बहाई आहे, इराणात ज्या धर्माला मान्यताच नाही त्यातली. गेल्या महिन्यात शिराझमध्ये तिच्या आईला घरातून उचलून नेलं. गुन्हा काय, तर कॉलेजात प्रवेश नाकारलेल्या बहाई मुलांना ती घरी गणित शिकवायची.

ईस्ट कोस्टला समुद्रकाठच्या बाकावर बसून रोयाने मला सगळं सांगितलं. १८४४ साली त्याच शिराझमध्ये बाब नावाच्या तरुण व्यापाऱ्याने नवं युग आल्याचं जाहीर केलं. सहा वर्षांनी त्यांना तबरीझच्या चौकात गोळ्या घातल्या. त्यांच्या पहिल्या अठरा अनुयायांत ताहिरा नावाची एक कवयित्री होती. पुरुषांच्या सभेत तिने चेहऱ्यावरचा पडदा काढला. पुढे तिचाही गळा आवळून जीव घेतला. बाब यांच्यानंतर पुढे आलेल्या बहाउल्लांना तेहरानच्या अंधारकोठडीत साखळदंडात ठेवलं, मग देशोदेशी हद्दपार केलं. त्यांच्याच शिकवणीतून हा धर्म उभा राहिला.

मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे गं."

"आंटी, आमच्या घराण्यातला माणूसही तेव्हा मारला गेला. आमच्या घरात ती जुनी होतच नाही."

त्यांच्यात लग्नाला हयात असलेल्या सगळ्या आईवडिलांचा होकार लागतो. एकाने नाही म्हटलं तरी लग्न नाही. रोयाला वडील नाहीत, आई तुरुंगात. "मी शिराझला जाऊन विचारते," ती म्हणाली. नील लगेच म्हणाला, "मग मीही जाणार." तिथे गेले तर दोघांनाही उचलतील, हे मला दिसत होतं.

तू म्हणालास, नकार दे, विषय संपेल. खरं सांगते, मी तेच ठरवलं होतं. शैलेंद्र हो म्हणून मोकळे झाले, मी मात्र होकार अडवून ठेवला. दाराची बेल वाजली तरी दचकायचे.

रविवारी दोघं जेवायला आली होती. मी पोळ्या लाटत होते. रोयाचा फोन वाजला. तुरुंगातून आई! फारसीत बोलत होती, रडत होती, मध्येच हसली. "तिने होकार दिला," नीलला म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"आई विचारतेय, मुलाच्या आईला भीती वाटते का?"

खोटं बोलवेना. "हो म्हणावं. फार वाटते."

पलीकडून उत्तर आलं. रोयाला ते सांगताना जड गेलं. "ती म्हणते, मलाही वाटते. माझ्या मुलीला इकडे येऊ देऊ नका. तुमच्याजवळ ठेवा."

"हो," मी म्हटलं. लग्नाला की पोरीला ठेवून घ्यायला, मला तेव्हा कळलं नाही. दोन्हीला असावं. रोयाने ते ओरडून सांगितलं आणि फोन तुटला. तिच्या आईला ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

त्यानंतर एकही फोन नाही. रोया आता आमच्याकडेच राहते. शिराझला जायचं दोघांनी सोडलंय. लग्न पुढच्या महिन्यात आहे. पण माझी भीती गेली नाही दादा, उलट आता रोयाच्या आईची भीतीही माझीच झाली आहे.

रागावलास तर पत्रातच रागाव. फोन करू नकोस. रिंग वाजली की पोर धावत येते.

फार घाबरलेली, तरी होकार दिलेली,
तुझी साधना