मुताही गुरुजींची गाडी

४ जून
हे गेले त्या सकाळी मी गाईची धार काढली, चूल पेटवली, यांचे बूट पुसून दारात ठेवले आणि यांना उठवायला गेले. हे उठेनात. इस्पितळात न्यायला वाहन मिळेपर्यंत दहा वाजले. तोवर सगळं संपलं होतं.
आता सासूबाईंचं हृदय कुरकुरतंय. दर मंगळवारी केरिचोच्या इस्पितळात न्यायचं. ठरलं. एक लहान, भरवशाची गाडी. मोटारींवरची दोन पुस्तकं वाचून झाली. मला आता कोणी फसवणार नाही.

१० जून, दुपार
मुताही गुरुजींनी विकायला काढलेली गाडी पाहिली. जपानहून आलेली. रेडिओ अजून जपानीच बोलतो, म्हणजे कोणी हात लावलेला नाही. दाराच्या आत जपानी चिठ्ठी. वाचता आली नाही, पण नोंदी नीटनेटक्या दिसल्या. किल्ली फिरवताच सुरू. बॉनेट आधीच कोमट होतं. आभाळ भरलेलं होतं, पण मधेच ऊन पडलं असणार.

१२ जून
मेकॅनिक ओम्बातीला दाखवली. म्हणाला, मावशी, तुम्ही यायच्या आधी गुरुजी इंजिन तापवून ठेवतात. न सांगता पहाटे जा, थंड असताना किल्ली फिरवा. मी म्हटलं, म्हणजे घेऊ नको? तर म्हणे, घ्या की, ढकलायला माणसं असतील तर.
इथले मेकॅनिक विकणाऱ्याकडून चहापाणी घेऊन गाडीची स्तुती करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हा निंदा करतोय. म्हणजे दुसऱ्या कुणा विकणाऱ्याचं चहापाणी घेतलंय. हे पुस्तकात नव्हतं. माझं मी ओळखलं.

१५ जून
गाडी घेतली. पहाटे कुणाचं दार ठोठावणं बरं दिसत नाही. शिवाय गुरुजी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात.

१८ जून, मंगळवार
पहाटे चहाच्या मळ्यांवर धुकं. सासूबाई ठेवणीतला रुमाल बांधून पुढे बसल्या. किल्ली सतरा वेळा फिरवली. त्या म्हणाल्या, सूनबाई, मी देवाघरी जायला तयार आहे, पण ही काही यायला तयार दिसत नाही. हसता हसता धाप लागली. ओठ निळे पडले. मी अजून एकदा, अजून एकदा करत राहिले.
शेवटी मोटारसायकलवाला थांबवला. सासूबाईंना मधे धरून नेलं. त्यांना दाखल करून घेतलंय. नाकात नळी आहे. मला विचारतात, झाली का गं सुरू?
मी हो म्हटलं.

२० जून
काल मी इस्पितळासमोरच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. सासूबाईंना सोडलं की दोघी इथेच राहू, मंगळवारी किल्ली फिरवायला नको.