त्या बायकांना आया नव्हत्या का?

आई, आज कॉलेजात मी मुलांना चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या घरांबद्दल शिकवत होते. नवरा म्हणजे घरातला राजा आणि बायको, मुलं, नोकर ही त्याची प्रजा, असं तिथले धर्मोपदेशक चर्चमधून सांगत. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅम, कोई कुछ बोलती नहीं थी क्या?" उत्तर द्यायच्या आधीच मी सरोजिनी नगरच्या आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये जाऊन पोचले.

तिथे मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तू पोळ्या लाटतेयस आणि मी ओट्याला टेकून हाच धडा तुला मराठीत सांगतेय, कारण तुला सांगितलं की माझ्या लक्षात राहतं. काही गावांत भांडखोर ठरवलेल्या बाईच्या तोंडात लोखंडी लगाम अडकवून तिला रस्त्यातून फिरवत, हे ऐकून तुझं लाटणं थांबलं. "त्या बायकांना आया नव्हत्या का गं?" तू विचारलंस. मी हसले. परीक्षेत असलं काही लिहून चालत नाही, म्हणाले.

आपल्याकडेही शेवटचा शब्द बाबांचाच असायचा. तू साडी आणायचीस तीसुद्धा "यांना नाही आवडली तर परत करेन" असं दुकानदाराला बजावून. त्याच उन्हाळ्यात बाबांनी नोएडातलं स्थळ आणलं. मुलाच्या वडिलांनी सहज विचारावं तसं विचारलं, "पुढे शिकायचं वगैरे नाही ना?" बाबा म्हणाले, "छे, बिल्कुल नाही. बी.ए. झालं, बस."

तू चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. तो टीपॉयवर ठेवलास आणि म्हणालीस, "ती एम.ए. करणार आहे. ते झाल्याशिवाय आम्ही लग्नाचं बघणार नाही." आवाज जराही चढला नव्हता. 'आम्ही' म्हणालीस तू! घरात कुणी अनोळखी माणूस शिरल्यासारखं बाबा तुझ्याकडे बघत राहिले.

मग तो अबोला. "आईला सांग, आमटीत मीठ कमी आहे," बाबा मला सांगायचे, आणि तू समोरच बसलेली असायचीस. तू त्यांचा डबा भरत राहिलीस, शर्टांना इस्त्री करत राहिलीस, पण माफी मागितली नाहीस. शेवटी एका सकाळी बाबा बूट घालता घालता मला म्हणाले, "अ‍ॅडमिशनला कधी जायचंय? चलो, मीपण येतो." तू आत जाऊन नळ सोडलास आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतलीस.

आज वर्गात त्या मुलीला मी सांगितलं, की त्या बायका बोलत होत्या. काही जणी कोर्टात गेल्या, काहींनी शेजारणींकडे आसरा घेतला. घरात बोललेलं मात्र फारसं कुणी लिहून ठेवलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून आणखी एक गोष्ट लिहिते. त्या अबोल्यात मला तुझाच राग यायचा. एकदा तर, "बाबांना सॉरी म्हणून टाक, मला नको ते एम.ए.," असं सांगायला मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले होते. तू पाठमोरी उभी राहून भाजी चिरत होतीस. तुझे ते ताठ खांदे बघितले आणि तशीच परत फिरले.