तवा शोधू नकोस

अभिराज,

मी जर्मनीला निघाले. तिथल्या प्रदर्शनात पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याचे सुटे भाग मांडायचे आहेत. डाव्या हातानं लिहितेय, अक्षर वाकडं येणारच. उजव्या हाताचे फोड अजून ओले आहेत.

व्हिसासाठी बोटांचे ठसे लागतात, हे मीच तुला हौसेनं सांगितलं होतं. म्हणून ठसे द्यायच्या आदल्या संध्याकाळी तू माझी बोटं तापल्या तव्यावर दाबलीस. "जा, दे आता ठसे," म्हणालास. तुझ्या आईनं हळद लावली आणि वर मलाच म्हणाली, "थोडं सोस गं, चंदना."

मूर्खा, मागच्या खेपेला दिलेले ठसे अजून चालतात. काउंटरवरच्या बाईनं माझं बँडेज बघून तेच सांगितलं. कारखान्याचं पत्र होतं, तिकडच्या कंपनीचं बोलावणं होतं. नवऱ्याची परवानगी कुणी मागितलीच नाही. पासपोर्ट मी कारखान्याच्या पत्त्यावर मागवला आणि घरात गप्प राहिले.

तू आत घोरतोयस. मघाशी तोच तवा लाल करून तुझ्या तोंडावर दाबावा म्हणून गॅस पेटवला होता. मग बंद केला. तुझ्यापायी माझं विमान का चुकवू?

परत आल्यावर एचएसआर वस्तीत माझ्या अक्काकडे राहीन. तिथं आलास तर तंगडं मोडून हातात देईन.

स्वयंपाक केलेला नाही. चपात्यांसाठी तवा शोधू नकोस, तो मी नेतेय. विमानतळाच्या आधी पोलीस ठाणं लागतं. तिथं तक्रारीसोबत देणार आहे. बेल वाजली की दार तूच उघड, आईला पुढं करू नकोस.

चंदना